दोन्ही घरांत पोरांना काम पाहिजे

मी हिंदू, नवरा ख्रिस्ती, दोघंही गोव्याचे. आम्ही कुठे भेटलो की लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तुमच्या पोरांची मजा आहे हां, चवथ (म्हणजे गणेशचतुर्थी) पण आणि नाताळ पण!" प्रेमानेच म्हणतात, मी पण हसून हो म्हणते. पण पोरं मोठी व्हायला लागली तसं मला जाणवत गेलं की ह्या एका वाक्यावर पोरं वाढवता येत नाहीत. दोनदा नवे कपडे, दोनदा गोडधोड, दोन्हीकडे लाड, ह्याने पोरं खूश होतात, ते चांगलंच आहे, पण घराण्याचा अभिमान म्हणतात तो त्यातून येत नाही. सणाला येऊन जेवून जाणाऱ्याला आपण पाहुणा म्हणतो. आणि आमच्यासारख्या घरातल्या पोरांना सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो मला, की दोन्हीकडे त्यांना चांगल्या ताटात वाढतात आणि दोन्हीकडे कुणी "अरे जरा ती विळी आण बघू" म्हणून हाक मारत नाही.

मी डिचोलीची, नवरा दिवाडीचा. आमच्याकडे घरात कोकणी, पण वाचन, भजन, कीर्तन, पत्र लिहिणं सगळं मराठीत, बाबा अजून रोज सकाळी मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. त्याच्याकडे पण कोकणीच, पण रोमी, म्हणजे रोमन लिपीत, आणि सासरे चिडले की मधूनच पोर्तुगीज. आता आम्ही पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. लेक सातवीत आहे, धाकटा तिसरीत.

लग्नाचं थोडक्यात सांगते. आमच्या गोव्यात धर्म कुठलाही असो, लग्नाचं सिव्हिल रजिस्ट्रेशन करावंच लागतं, पहिली सही, मग मधे काही दिवस, मग दुसरी सही. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, तोच पुढे गोव्याला लागू झाला आणि आजपर्यंत टिकला, त्यात काही वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामायिक होते आणि आईबापांना आपल्या इस्टेटीचा अर्धा भाग पोरांसाठी राखून ठेवावाच लागतो, मुलगा असो की मुलगी. बाहेरच्या राज्यातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या चकित होतात. आमच्यासारख्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे हो, पोरांच्या हक्काचा प्रश्न कुठल्या देवळात वा कुठल्या चर्चमध्ये नाव आहे त्यावर अडत नाही. पण कायदा हक्क देतो, आपलेपणा घरातूनच यावा लागतो.

तर काम.

माझ्या बाबांनी हे पहिलं ओळखलं. लेक अगदी लहान होती तेव्हापासून चवथीच्या आधी ते तिला माटोळीचं सामान आणायला बरोबर न्यायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या मोसमातलं रानातलं, परसातलं सगळं बांधतात, नारळ, सुपारीचं शिपटं, चिबूड, तोरिंगं, आंबाडे, आणि रानातली कांगलां, माट्टी, घागऱ्यो, कवंडळ. बाजारात सगळं मिळतं आता, डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात गर्दी बघाल तर पाय ठेवायला जागा नसते. पण बाबा म्हणाले निदान चार वस्तू तरी आपण रानात जाऊन आणायच्या. आता लेकीला कांगलां कुठल्या बाजूच्या झुडपात मिळतात ते पाठ आहे, माझ्या भावाच्या पोरांना पण ती दाखवते. मागे एकदा तिची परीक्षा होती म्हणून आम्हाला यायला उशीर होणार होता तर बाबांचा फोन, "ती येईपर्यंत माटोळी बांधत नाही मी, कांगलां ती आणणार." हे वाक्य ऐकून तिचा चेहरा जो झाला ना, तो मी कुठल्याही नव्या फ्रॉकवर बघितला नव्हता.

धाकट्याचं काम पेरणीचं. नाताळात गोठो, म्हणजे येशूजन्माचा देखावा करतात तेव्हा त्यात हिरवंगार शेत दिसायला पाहिजे म्हणून आधीपासून ताटलीत माती घालून नाचणी पेरतात, दहा-बारा दिवसांत मस्त लव येते. शापाय, म्हणजे त्याचे दिवाडीचे आजोबा, त्याच्याकडून करून घेतात, माती चाळायची, नाचणी भिजत घालायची, पाणी शिंपडायचं पण जास्त नाही, उन्हात किती वेळ, सावलीत किती वेळ. आणि नवरात्रात डिचोलीला रुजवण घालतात, घटाखाली मातीत धान्य पेरतात, ते पण तेच काम! माझ्या आईच्या लक्षात आलं की ह्या पोराला पाण्याचा अंदाज बरोबर येतो, तिच्यापेक्षा चांगला. झालं, तेव्हापासून दोन्ही घरची पेरणी त्याच्याकडे. ऑक्टोबरमध्ये आजीकडे, डिसेंबरमध्ये शामांयकडे, म्हणजे दिवाडीच्या आजीकडे. तो शाळेत सांगतो की मी शेती करतो. आणि मला हे फार आवडतं की ह्यात कुणी त्याला बसवून भाषण दिलं नाही की बघ बाळा दोन्ही धर्म कसे सारखे, त्याच्या बोटांना माती दोन्हीकडे लागली आणि बाकीचं त्याचं तो समजला.

सारखेपणा दाखवायचा मोह खूप होतो, मान्य आहे, आणि गोव्यात तर पावलोपावली दिसतो. आमच्या लग्नात डिचोलीला हळद लागली आणि दिवाडीला रोस, म्हणजे नारळाचं दूध अंगाला लावून आंघोळ, वर दोन्हीकडे बायका गाणी म्हणत होत्या आणि दोन्हीकडे माझ्या हातात चुडा भरला. नागपंचमीला आई हळदीच्या पानात पातोळ्या करते, १५ ऑगस्टला मारिया मातेच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, सासूबाई पण पातोळ्या करतात, तेच तांदळाचं पीठ, तोच गूळ-खोबऱ्याचा चून, तेच परसातलं हळदीचं पान. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, चवथीला पण आणि नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळात पण. हे सगळं पोरांनी बघावं, खावं, करावं. पण म्हणून सगळं एकच आहे असं मी त्यांना सांगत नाही. कारण सगळं एकच नाहीये. लादाईन, म्हणजे ख्रिस्ती लोकांची एकत्र म्हणायची प्रार्थना, वेगळी आणि आरती वेगळी, चर्चमध्ये मिसाला गप्प बसून ऐकायचं असतं आणि भजनाला टाळ वाजवायचा असतो, एकीकडे गुरुवारी मासे चालत नाहीत आणि दुसरीकडे गुड फ्रायडेला उपास. दोन्हीची चव पाणी घालून सपक केली तर पोरांच्या वाट्याला दोन्ही नाहीत. मला वाटतं त्यांना दोन्हीकडचं पूर्ण मिळावं, तिकडचे नियम तिकडे, इकडचे इकडे, आणि ती पोरं आहेत, दोन भाषा शिकतात तसे दोन घरांचे रीतीरिवाज पण शिकतात, आपल्यालाच उगाच वाटतं की गोंधळतील.

आता जरा कठीण भाग, इतिहासाचा.

दिवाडी हे मांडवीतलं बेट आहे, तिथे आजही फेरीबोटीनेच जावं लागतं, जुन्या गोव्याहून एक फेरी, रायबंदरहून एक, आणि तिसरी नार्व्याहून, म्हणजे आमच्या डिचोली तालुक्याच्या बाजूने. माझं माहेर आणि सासर ह्यांच्यामधे खरं तर एवढीच नदी. आणि ह्याच नदीवरून सप्तकोटेश्वर आला! कदंब राजांचं हे दैवत, देऊळ होतं दिवाडीवर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, मग लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला आणून ठेवलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधायला लावलं, दारावर शिलालेख आहे त्याचा. तिथल्या गावाचं नाव पण नार्वेच. बाबा लहानपणापासून आम्हाला ते देऊळ दाखवत आले, अभिमानाने. पण माझ्या पोरांसाठी ही गोष्ट नुसती महाराजांची राहत नाही ना. त्यांचं अर्धं रक्त त्या बेटावर मागे राहिलेल्या लोकांचं आहे.

लेक पाचवीत होती तेव्हा तिने सरळ विचारलं शापायला, "मग आपण का नाही गेलो देवाबरोबर?" मी जागच्या जागी गार पडले, म्हटलं म्हातारा दुखावणार. सासरे काही बोलले नाहीत त्या वेळी. पुढच्या रविवारी मिसानंतर दोघांना घेऊन पिएदादच्या टेकडीवर गेले, चर्चच्या बाजूला सिमितेरी, म्हणजे दफनभूमी आहे, तिथे एक जुनं छोटं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर आहे आणि त्याच्या छताला कदंबांच्या काळातलं दगडी कोरीवकाम आहे, अजून आहे, मान वर करून बघावं लागतं. तिथे उभं राहून त्यांनी सांगितलं की हे कोरणारे पण आपलेच आणि खाली पुरलेले पण आपलेच. जे गेले त्यांनी देव नेला, जे राहिले त्यांनी शेत राखलं, बांध राखले, खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन, राखलं, नाहीतर हे बेट कधीच खाऱ्या पाण्याखाली गेलं असतं.

मी हे नंतर पोरांना माझ्या भाषेत परत समजावलं, कारण एका वाक्यात भागण्यासारखं नाहीये. तिसवाडी (दिवाडी त्यातच येते), बार्देस, साष्टी ह्या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेले भाग, १५१० पासून पुढच्या काही दशकांत पोर्तुगीजांच्या हाती गेल्या, तेव्हा धर्मांतराचा जोर होता, देवळं पाडली, १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते १८१२ पर्यंत. मंगेशी कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, रामनाथ लोटलीहून, सगळे देव त्या काळात पलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला गेले. आणि डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा ह्या नव्या काबिजादी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेल्या, तोवर त्यांचा तो जोर ओसरला होता. म्हणजे माझे पूर्वज हिंदू राहिले आणि नवऱ्याचे ख्रिस्ती झाले ह्यात कोण शूर आणि कोण भित्रा हा प्रश्नच चुकीचा आहे, कोण नदीच्या कुठल्या काठाला राहत होतं आणि तिथे राज्य कधी बदललं ह्यावर बरंच ठरलं. सातवीतल्या पोरीला हे व्यवस्थित कळतं. लपवलं असतं तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं असतं, तिरस्कारासकट. व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरतं ते आपण बघतोच. ज्या पोराला आपल्या घराण्यातली वाईट गोष्ट घरातूनच, प्रेमाने आणि खरी खरी कळलेली असते, त्याला बाहेरचा कुणी ती फेकून मारू शकत नाही.

कुंकळ्ळीचं उदाहरण मी त्यांना मुद्दाम दाखवलं. १५८३ ला तिथल्या लोकांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला, मग देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली, पण दर वर्षी शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या दिवसांत सांत्र्यांची मिरवणूक निघते, रंगीत छत्र्या, बारा वांगडांच्या, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या, बारा, आणि त्यात ख्रिस्ती झालेले गांवकार, म्हणजे त्या घराण्यांतले लोक पण आपला मान घेतात. गुलालात माखलेली माणसं, कोण कुठल्या धर्माचा ओळखू येत नाही. धाकटा तिथे खांद्यावर बसून ओरडत होता.

आणि शिरगांव तर आमच्या डिचोलीतच. माझा भाऊ तिथल्या लायराई देवीचा धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त आहे, व्रत पाळतो, बेत, म्हणजे वेताची काठी घेऊन होमकुंडातून जातो. पोरांना मामाचं केवढं कौतुक! आणि योगायोग बघा, सासूबाईंचं माहेर म्हापशाचं, तिथली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चर्चमधली मारिया माता, ही लोकांच्या कथेत लायराईची बहीणच. सात बहिणी, त्यांच्यातली मिराबाय म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस झाली असं सांगतात. शिरगांवहून मोगरीची फुलं म्हापशाला जायची आणि तिकडून तेल यायचं अशी रीत सांगतात जुनी माणसं, आणि मिलाग्रीसच्या फेस्ताला आजही हिंदू लोक रांगेत उभं राहून सायबिणीला तेल घालतात. ही गोष्ट मी पोरांना सांगितली नाही, माझ्या आईने आणि सासूबाईंनी मिळून सांगितली, एका दुपारी आमच्या फ्लॅटमध्ये, दोघींच्या आवृत्त्या वेगळ्या, मोठी बहीण कोण त्यावरून दोघींची चांगलीच जुंपली आणि पोरं मधे बसून ऐकत होती. शेवटी काही मिटलं नाही. बरंच झालं. दोन्ही आज्या आपापल्या देवीसाठी भांडतात हे पोरांनी बघितलं ना, त्यांना कळलं की दोघींना हे मनापासून महत्त्वाचं आहे.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे, जातीचा अभिमान मी पोरांना देणार नाही. आमचं ठरलं तेव्हा माझ्या एका नातेवाइकांनी पहिला प्रश्न विचारला होता, मुलगा ख्रिस्ती आहे ते कळलं, पण मुळात कोण, बामण काय चारड (म्हणजे मूळचे क्षत्रिय)? चारशे वर्षांपूर्वी धर्म बदलला तरी जात तशीच चालू आहे, चर्चमध्ये जाऊन पण चालू आहे, लग्नं जुळवताना बघितली जाते. काही लोकांना त्यातच समाधान वाटतं, की चला, निदान मूळ बरोबरीचं आहे. मला हे पटत नाही. पोरांनी पणजोबा कुठलं शेत कसायचे, पणजी कुठल्या ओव्या म्हणायची, कोण कुठल्या बोटीवर खलाशी होता ह्याचा अभिमान बाळगावा. आपण कुणापेक्षा वरचे आहोत ह्याचा नको. आणि पोरांना हे सांगावं लागतं, स्पष्ट शब्दांत, आपोआप होत नाही, कारण आजूबाजूला सगळीकडे उलटं ऐकू येतं.

नावांचं पण असंच. आडनाव पोर्तुगीज आहे. लेकीला वर्गात कुणी तरी म्हणालं की तुमचं आडनाव परक्यांचं. तिने घरी येऊन विचारलं तेव्हा नवऱ्याने तिला नीट सांगितलं की बाप्तिस्मा द्यायच्या वेळी पाद्रीचं किंवा जो पादीन, म्हणजे धर्मपिता, उभा राहील त्याचं आडनाव मिळायचं, तसं ते आलं, आणि आता त्या आडनावाने आपल्या घरात इतक्या पिढ्या भात लावलाय की ते आपलंच आहे. पहिलं नाव बाबांच्या आईचं आहे, मराठी. दोन्ही एकत्र लिहिलं की फॉर्म भरणारे एकदा वर बघतात. ती आता न थांबता पूर्ण नाव सांगते, स्पेलिंगसकट.

बाप्तिस्मा की बारसं, हा प्रश्न सगळे विचारतात. दोन्ही झालं. चर्चचा नियम असा आहे की ख्रिस्ती नसलेल्या माणसाशी लग्न करायचं तर बिशपकडून परवानगी घ्यावी लागते आणि कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं की पोरांना बाप्तिस्मा देऊन त्या श्रद्धेत वाढवायला मी माझ्या परीने होईल ते सगळं करीन. दुसऱ्याला वचन द्यावं लागत नाही, पण ह्या वचनाची पूर्ण कल्पना द्यावी लागते. नवऱ्याने मला ते लग्नाआधी समोर बसून सांगितलं, कागद दाखवला, मी बरेच दिवस विचार केला. मला त्याचा सरळपणा आवडला. मी पण सांगितलं की डिचोलीला पाळण्यात घालून माझी आई नाव ठेवणार, आणि पोरं मराठी वाचणार. ज्यांचं असं लग्न ठरतंय त्यांना माझं कळकळीने सांगणं आहे, हे सगळं आधी बोला. पोर पोटात असताना किंवा दोन्ही घरची माणसं हॉलमध्ये जमलेली असताना बोलायचा हा विषय नाही. आधी बोललेलं असलं की दोन्ही आज्यांना माहीत असतं काय होणार आणि काय नाही, आणि पोरांच्या डोक्यावरून ओढाताण होत नाही.

मराठी वाचण्याचं म्हणाल तर तिथे मला अनपेक्षित मदत झाली. इंग्लिश मीडियमची पोरं, मराठी बोलतात पण वाचायचा कंटाळा. बाबांच्या कपाटात क्रिस्तपुराण आहे. फादर थॉमस स्टीफन्स, मूळ इंग्लंडचे जेझुइट पंथाचे पाद्री, १५७९ ला गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहिली, १६१६ ला राशोलला छापली. बाबा कीर्तन ऐकत मोठे झालेले, ते ओवी मस्त म्हणतात, चालीत. त्यांनी एका लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, ते वाचायला घेतलं, रोज थोडं, फोनवरून, इकडे पोरं आणि एक दिवस सासरे पण येऊन बसलेले. ज्यांना देवनागरी वाचायला जड जातं ते माझे सासरे डोळे मिटून ऐकत होते, कारण ऐकताना सगळं कळत होतं, गोष्ट त्यांची आणि चाल माझ्या बाबांची. चारशे वर्षांपूर्वी ह्याच मातीत असं काही झालंय, ही आमच्या पोरांच्या घराण्याची गोष्ट आहे असं मला वाटतं, रक्ताचं नातं नसेना का. लेक आता त्यातलं एक पान मोठ्याने वाचते, अडखळते, जुने शब्द आहेत, पण वाचते.

ती व्हायोलिन पण शिकते. पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यातूनच पुढे गोंयकार वादक मुंबईच्या स्टुडिओंत पोचले, संगीतकार प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस आमच्या माजोर्ड्याचे. आणि दुसरीकडे केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ, ही मोठी गाणारी माणसं पण ह्याच एवढ्याशा गोव्यातली. लेक हनुवटीखाली व्हायोलिन धरून खुरसाकडच्या, म्हणजे क्रॉसजवळच्या लादाईनीला वाजवते, आणि बाबांच्या भजनात मांडी घालून बसून प्रयत्न करते, तिथे अजून हात बसला नाही तिचा. भजनी मंडळातले काका तिला सांभाळून घेतात पण चुकली तर थांबवतात पण. थांबवतात हे मला बरं वाटतं. पाहुण्याची चूक कुणी काढत नसतं.

बोलणारे बोलतातच. एका लग्नात एक बाई माझ्यासमोर म्हणाल्या, "पोरं बिचारी, ना इकडची ना तिकडची." लेक शेजारी उभी होती. मी उत्तर द्यायच्या आधी तीच म्हणाली, "मला जायला पाहिजे, मी नसले तर रविवारी लादाईनीला व्हायोलिन कोण वाजवणार?" आणि निघून गेली, आम्हाला खरंच फेरी गाठायची होती.

सध्या तिचं एक प्रोजेक्ट चाललंय, ओपिनियन पोलवर. १६ जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा केंद्रशासित ठेवायचा, विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहायला दोन पानं, ह्या निशाण्या. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं आणि विरोधात १,७२,१९१, चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. आणि तिला कळलं की डिचोलीच्या पणजोबांनी फुलाला मत दिलं होतं, त्यासाठी गावोगाव फिरले होते, आणि दिवाडीचे पणजोबा दोन पानांवाले, रात्री फेरी बंद झाल्यावर होडीतून सभेला गेलेले. दोघांपैकी बरोबर कोण होतं, तिने मला विचारलं. मी म्हटलं दोघांशी पण बोल, म्हणजे आता ते नाहीत, पण आजोबांना विचार, शापायला विचार, ते काय सांगतात ते दोन्ही लिही. मराठीवरचं प्रेम म्हणून एकाने फूल निवडलं आणि आपलं गोंयपण जपायचं म्हणून दुसऱ्याने दोन पानं, दोघांनाही आपल्या नातवंडांचंच पुढचं दिसत होतं. हे मी तिला सांगितलं नाही, बघू तिचं ती काय लिहिते. बाबा अजून त्या निकालावर हळहळतात आणि सासरे अजून त्या दिवशी खूश असतात, म्हणून १६ जानेवारीला दोघांना एकत्र जेवायला बोलवायचं नाही हा आमच्या घरातला अलिखित नियम आहे. तिने तो नियम मोडायचं ठरवलंय, प्रोजेक्टसाठी दोघांची एकत्र मुलाखत घ्यायची म्हणते, मोबाइलवर रेकॉर्ड करणार. डिचोलीच्या पणजोबांचा फोटो मिळाला, प्रचाराच्या वेळचाच आहे. दिवाडीच्या पणजोबांचा बहुतेक लिस्बनला असलेल्या चुलत सासऱ्यांकडे आहे, तिने स्वतःच त्यांना मेसेज टाकलाय, मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये, शापायकडून तपासून घेऊन.